मारोतीचे सव्वीस मैल आणि मी डाकेची काठी

दाराआड पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा भारा दिसतो ना, त्याला टेकून उभी आहे ती मी. बुडाला लोखंडी टोक, गळ्यात घुंगरांचा पट्टा. मला गुराख्याची काठी समजू नका, राग येतो. मी सरकारी डाकेची काठी बोलतेय. आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही आपले एस.टी.ने जा.

मी मूळची रानातल्या कळकाची, म्हणजे बांबूची. एका लोहाराने मला टोक ठोकलं, एका मोच्याने चामड्याच्या पट्ट्यावर अकरा पितळी घुंगरं शिवून तो माझ्या गळ्यात बांधला, आणि मी हिवरधऱ्याच्या डाकवाल्याच्या हाती आले. हिवरधरा ते आर्णी आठ मैल. पहाटे गावची थैली आर्णीला न्यायची आणि दुपारी तिकडची थैली घेऊन परतायचं, तेही पायी, दुडक्या चालीने. घुंगरं वाजली की वाटेवरचं जनावर बाजूला व्हायचं आणि गावातलं माणूस दारात यायचं.

माझा पहिला धनी धावजी. गावाशेजारच्या बंजारा तांड्यातला, वाळक्या अंगाचा आणि कमी बोलणारा. मला खांद्यावर टाकताना रोज म्हणायचा, ‘‘चाल याडी.’’ याडी म्हणजे आई. इतक्या मानाने मला पुढे कोणी हाक मारली नाही, म्हणून ते अजून लक्षात आहे. पंचवीस वर्षं हा माणूस खरोखर धावला. छप्पन साली त्याचे गुडघे गेले, तेव्हा त्याने मला मारोतीच्या हातात दिलं आणि एकच गोष्ट सांगितली. ‘‘मारोती, हिचा आवाज आला का मानूस हातचं काम टाकून वाट पाह्यते. हिले फुकट वाजवू नको.’’

मारोतीने मान डोलावली. चांगला उंचापुरा गडी, पिळदार मिशा, नवीनच लग्न झालेलं. मी मनात म्हटलं, आपलं बरं होणार.

आठ दिवस तो धावला. नवव्या दिवशी गावापासून दोन फर्लांगांवर, म्हणजे पाव मैलावर, मोहाच्या झाडाखाली, त्याच्या पायात बाभळीचा काटा घुसला. तो काढायला म्हणून बसला, तर मागून तांड्यातल्या प्रेमसिंगचा छकडा आला. प्रेमसिंग घरी खवा आटवायचा आणि रोज पहाटे आर्णीच्या हॉटेलवाल्यांना नेऊन घालायचा. त्याने बैल थांबवले. ‘‘मारोतीभाऊ, काटा निघेस्तोवर बस गाडीत. मी तिकडंच चाल्लो.’’

काटा दुसऱ्या दिवशी निघाला. मारोती सहा वर्षं बसला.

हसू नका. त्याचं सगळं अगदी शिस्तीत चालायचं. पहाटे गावातून मला छमछम वाजवत मोहापर्यंत दोन फर्लांग धावायचं. मोहाखाली छकडा उभा असायचा. मला खव्याच्या डब्यांशेजारी आडवं टाकायचं, आपण पोत्यावर पसरायचं आणि डुलकी काढायची. आर्णीच्या अलीकडे दोन फर्लांगांवर नाल्यावर एक मोरी होती. तिथे उतरायचं, प्रेमसिंगच्या मडक्यातलं पाणी कपाळावर आणि पाठीवर शिंपडायचं, आणि मला वाजवत धावत गावात शिरायचं. दुपारी परत तेच. आर्णीहून मोरीपर्यंत धाव, मोहापर्यंत झोप, मोहापासून घरापर्यंत धाव. हिवरधऱ्यात शिरताना तो असा घामेजलेला दिसायचा की म्हाताऱ्या बाया ओट्यावरून म्हणायच्या, ‘‘लेकरू निस्तं झिजून गेलं.’’ सहा वर्षांत ते लेकरू वीस शेर वाढलं होतं.

प्रेमसिंगच्या बैलांनाही हे पाठ झालं. एकाचं नाव राज्या, दुसऱ्याचं पाखऱ्या. माझा आवाज कानी आला की दोघं जागच्या जागी थांबायचे. मारोती चढला, मी फळीवर पडून एकदा छम म्हटलं, की मगच पाऊल उचलायचे. प्रेमसिंग कासरा ओढो की शेपटी पिरगाळो, त्याआधी नाही म्हणजे नाही.

यात सगळ्यात मोठी गुन्हेगार मी, हे मला मान्य आहे. तोंडाने तो कधी म्हणाला नाही की मी धावत आलो. बोंब मारायची ती मीच मारत होते. पण काठीने करावं काय? हलवली की वाजायचं, एवढंच माझ्या हातात.

मला खरी चीड यायची ती संध्याकाळी. मारोतीची बायको सत्यभामा दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचायची. चार मैल जायचं, दिवसभर वाकायचं, चार मैल यायचं. घरी आली की पाणी, चूल, भाकरी. मारोतीची आई रुखमाबाई तशी वाईट नव्हती, पण सून बसलेली दिसली की त्या म्हातारीला हटकून काम सुचायचं. सुनेने जरा पाठ टेकली की ‘‘सत्यभामा, तुरी पाखडल्या का वं?’’ हे ठरलेलं. आणि हे सगळं उरकून ती बाई चुलीजवळ ऊन करून ठेवलेली जवसाच्या तेलाची बाटली घ्यायची आणि मारोतीच्या पायाशी बसायची. वेचणी नसेल तेव्हा तर माझा आवाज आला रे आला की बाटली चुलीजवळ जायची. चांगली तासभर पाय चेपायची. ज्या पायांनी दिवसाकाठी जेमतेम मैलभर काम केलं होतं, त्यांना आठ मैल चाललेली बाई तेल चोळायची. मारोती डोळे मिटून ‘‘अंहं, तिथं नाई, पोटरीले’’ असं सांगायचा. कोपऱ्यातून त्याच्या टाळक्यात पडावंसं वाटायचं मला. दोनदा पडलेही, पण नेम चुकला.

आता बाबाराव मास्तरांची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं त्यांनीच घडवलं. बाबाराव शाळेचे मास्तर आणि तेच गावचे पोस्टमास्तर. वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे. परदेशात कोणी एक गडी सव्वीस मैल अनवाणी धावला आणि जगात पहिला आला, ही बातमी कापून त्यांनी हजेरीपटात जपून ठेवली होती. बासष्ट सालच्या जानेवारीत त्यांच्या कानावर आलं की सव्वीस तारखेला एक उत्सव समिती आर्णी ते यवतमाळ धावण्याची शर्यत घेतेय. अंतर सव्वीस मैल. मास्तर ते कात्रण घेऊन तडक आमच्या घरी आले. संध्याकाळची वेळ, पाय चेपणं चालू.

‘‘मारोती, रोजचे सोळा मैल. वर्साचे तीनशे दिवस. सहा वर्सं. किती झाले?’’

‘‘मले काय मालूम, मास्तर.’’

‘‘अठ्ठावीस हजार आठशे. पृथ्वीचा घेर पंचवीस हजार मैल. म्हंजे तू पृथ्वीले एक चक्कर मारून दुसरीवर निघाला. सव्वीस मैल तुले परसाकडं जाऊन येनं हाये. नाव टाकलं तुह्यं.’’

मारोतीच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘मास्तर, डाकेचं कसं करता?’’

‘‘त्या दिवशी सुट्टी हाये.’’

‘‘माह्या पायात काटा हाये, मास्तर.’’

सत्यभामाने तळपाय दिव्याकडे वळवला आणि त्यावरून अंगठा फिरवला. ‘‘काटा काय, साधी भेग नाई,’’ ती म्हणाली. ‘‘मी रोज पाह्यते ना.’’

सगळ्यांना वाटलं, कौतुकाने म्हणतेय. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गावाने मारोतीला डोक्यावर घेतलं. कोणी म्हणालं तूप पी, कोणी म्हणालं तुपाने छाती भरते, ताक पी. तालमीतल्या गड्यांनी त्याच्याकडून दोनशे बैठका काढून घेतल्या, त्यामुळे तो तीन दिवस उताणा झोपू शकला नाही. रुखमाबाईने लेकाची दृष्ट काढली. मास्तरांनी ठरवलं की शर्यतीत मारोती मला हातात घेऊन धावणार, म्हणजे हिवरधऱ्याचा गडी कुठवर आला ते आंधळ्यालाही कळेल. शर्यतीला नऊ दिवस उरले होते.

छकड्यात मात्र वेगळंच चाललं होतं. मारोती पोत्यावर गुडघे जवळ घेऊन बसला होता. त्या दिवशी त्याला झोप आली नाही, सहा वर्षांत पहिल्यांदा.

‘‘नाई म्हनून टाक,’’ प्रेमसिंग म्हणाला. ‘‘पोट दुखते म्हन.’’

‘‘गाव हासन तं हासू दे,’’ मारोती म्हणाला. ‘‘मास्तर नोकरीवरून काढन तं काढू दे, वावरात जाइन. पन सत्यभामानं सहा वर्सं तेल चोळलं रे. थकूनभागून आली तरी चोळलं. मी नुसता झोपून येत होतो, हे तिले कोन्या तोंडानं सांगू?’’

एवढं मात्र तो खरं बोलला. मला वाटत होतं याला लाजच नाही. होती, पोत्याखाली दाबून ठेवली होती.

मग त्याने ठरवलं की उद्यापासून खरंच धावायचं. दुसऱ्या दिवशी मोहाखाली छकड्यात न चढता तो मला घेऊन पुढे निघाला. चार पावलं गेला असेल, मागून चाकांचा आवाज येईना. वळून बघतो तर राज्या आणि पाखऱ्या जागेवर उभे. प्रेमसिंगने चुचकारलं, मग शिव्या दिल्या, मग खाली उतरून जू धरून ओढलं. बैल मारोतीकडे बघत राहिले. खवा आंबायची वेळ आली तेव्हा प्रेमसिंग हात जोडून म्हणाला, ‘‘मारोतीभाऊ, तू बस बाप्पा. माह्या धंद्याची वाट लागते.’’ मारोती बसला. मी छम म्हटलं. बैल चालू लागले.

शर्यतीपर्यंत रोज हेच झालं. तेव्हा मारोतीची तयारी म्हणजे नऊ दिवसांची झोपमोड आणि दोनशे बैठका. नाही म्हणायला दोन फर्लांग मात्र तो असा धावायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. त्याचा सहा वर्षांचा सराव होता. अडचण त्याच्या पुढची होती.

सव्वीस तारखेला उजाडता उजाडता आर्णीत ही गर्दी. धावणारे अकराजण. दोन शिपाई, तीन पैलवान, कापसाच्या जिनातले चार कामगार, एक शिंपी आणि आमचा मारोती. प्रत्येक गावाने आपल्या गड्यामागून पाण्याची गाडी न्यायची, असा नियम होता. आमच्या गावाने अर्थातच प्रेमसिंगचा छकडा ठरवला. त्यात प्रेमसिंग, बाबाराव मास्तर आणि सत्यभामा. धावणाऱ्याचे पाय चोळायला माणूस पाहिजे, म्हणून तिला मास्तरांनीच मागून घेतलं होतं. मास्तरांपुढे रुखमाबाईचं काही चाललं नाही. तेलाची बाटली सत्यभामाच्या मांडीवर होती.

बैलांच्या कानांत कापसाचे बोळे होते.

‘‘हे काय?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘थंडी लय हाये, मास्तर,’’ प्रेमसिंग म्हणाला. ‘‘वारं भरते कानात.’’

शिट्टी झाली आणि मारोती सुटला. काय सांगू तुम्हाला. पैलवान मागे, शिपाई मागे, शिंपी तर कुठल्या कुठे. मी अकराही घुंगरांनी नुसती बोंबलत होते. लोक टोप्या उडवायला लागले. मास्तर छकड्यात उभे राहून ओरडले, ‘‘पृथ्वीची दुसरी चक्कर चालू हाये, पाहून घ्या!’’

बरोबर दोन फर्लांगांवर मारोतीचे पाय थांबले. त्याच्या मनात नव्हतं, पायांनीच परस्पर निर्णय घेतला. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि सवयीने डावीकडे बघायला लागला, छकडा कुठे आहे म्हणून. एकेक करून दहाजण त्याच्या बाजूने निघून गेले. शिंपी जाताना म्हणाला, ‘‘काही हरवलं का भाऊ?’’

तिथून पुढे आमची जी गत झाली ती शत्रूवर येऊ नये. थोडं पळायचं, बरंच चालायचं, मैलाचा दगड दिसला की त्याला मिठी मारायची. मला आधाराला टेकवत टेकवत त्याने माझं लोखंडी टोक अर्धं झिजवलं. कापसाच्या गाड्या यवतमाळच्या बाजाराला निघाल्या होत्या, भरलेल्या, मऊ. प्रत्येक गाडीकडे तो असा बघायचा की गाडीवानच घाबरून बैल हाणायचा. तरी एक सांगते, बसला नाही. मागच्या छकड्यात सत्यभामा होती ना.

अकराव्या मैलाला पाखऱ्याने माशी उडवायला कान झटकला आणि बोळा पडला. मग राज्याचाही पडला.

झालं. माझा आवाज ऐकला आणि बैल जागच्या जागी उभे. मास्तर म्हणाले, ‘‘काहून थांबले?’’ प्रेमसिंग म्हणाला, ‘‘दमले असतीन.’’ मारोतीने पुढे जाताना मला अलगद उचलून धरलं, आवाज बंद झाला, बैल चालू लागले. दहा पावलांवर त्याला ठेच लागली, मी वाजले, बैल थांबले. असं एकदा, दोनदा, सात वेळा. प्रेमसिंगच्या कपाळावर जानेवारीत घाम फुटला. मारोतीने घुंगरं धोतराच्या सोग्यात बांधली, तर धोतर सुटायला लागलं. एका हाताने धोतर, एका हाताने काठी, असा हिवरधऱ्याचा गडी जगात पहिला यायला निघाला होता.

चौदाव्या मैलाला तर बैलांनी कमाल केली. इतका वेळ झाला तरी हा चढत का नाही, हे त्यांना कळेना. ते आपणहून दौडत पुढे गेले, मारोतीला वळसा घातला आणि छकड्याची मागची बाजू बरोबर त्याच्या तोंडासमोर आणून उभे राहिले. पाखऱ्याने मान वळवून बघितलं. ये की, म्हणत होता.

मास्तरांनी बैलांकडे बघितलं. चष्मा काढून पुसला. मग त्यांनी पाटीवरची चूक धरावी तशा आवाजात विचारलं, ‘‘प्रेमसिंग, हे बैल मारोतीले कुठून ओळखतेत?’’

प्रेमसिंग कासऱ्याची गाठ सोडायला-बांधायला लागला. सत्यभामा मारोतीकडे बघत होती. मारोतीने मान वर केली नाही. छकड्याला बाजूने वळसा घालून तो पुढे गेला, आणि या वेळी त्याने मला वाजू दिलं.

‘यवतमाळ ८’ असं लिहिलेल्या दगडाशी त्याचे पाय संपले. तो खाली बसला, खरं तर पडलाच. दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती आणि दगडाखालच्या फुफाट्यात रक्ताचे ठसे उमटले होते. सूर्य डोक्यावरून कललेला. थांबत थांबत मागे राहिलेला छकडा आला, वळला, मागची फळी त्याच्या हाताशी येऊन थांबली. त्याचा हात नुसत्या सवयीने फळीवर गेला. मी मनात म्हटलं, आता चढणार हा. सहा वर्षं जे केलं तेच करणार.

सत्यभामा बाजूला सरकली. तिच्या शेजारी खव्याच्या डब्यांना लागून एक पोतं होतं, मधोमध खोलगट झालेलं, मारोतीच्या मापाचं.

‘‘बसा ना,’’ ती म्हणाली. ‘‘जागा तुमचीच हाये.’’

मारोतीने हात मागे घेतला. ‘‘सत्यभामा,’’ तो म्हणाला, ‘‘मी कधी धावलोच नाई. ह्या पोत्यावर झोपून जात होतो अन् झोपून येत होतो. तुह्या तेलाची शपथ.’’

तेलाची शपथ कोणी घेतलेली मी तरी ऐकली नव्हती. मास्तर आकाशाकडे बघायला लागले आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले.

‘‘मले मालूम हाये,’’ सत्यभामा म्हणाली.

‘‘कवापासून?’’

तिने बाटली ओटीत टाकली. छकड्यातून खाली उतरली, लुगड्याचा पदर खोचला आणि त्याच्या हातातून मला घेतलं. तिचा हात मला पहिल्यांदाच लागत होता. बोंडांनी ओरखडलेला, खरखरीत, धावजीच्या हातासारखा. ‘‘उठा,’’ ती म्हणाली. ‘‘आठ मैल राह्यले. मी रोज चालते तेवढे. आज माह्यासंगं चाला.’’

तो उठला. कसा उठला ते मला विचारू नका, मी आधाराला त्याच्याजवळ नव्हते. ती पुढे, तो तिच्या मागे लंगडत. सत्यभामा काही धावत नव्हती. वावरात जाणारी बाई चालते तशी चालत होती, ना घाई ना थांबणं, आणि मी तिच्या पावलागणिक वाजत होते. किती वर्षांनी मी अशी वाजले. गंमत म्हणजे बैल थांबले नाहीत. त्यांना ठाऊक होता तो दोन फर्लांगांचा देखावा. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता, ते मुकाट मागून येत राहिले.

मास्तरांचं मोजून झालं. ‘‘मारोती,’’ त्यांनी छकड्यातून हाक मारली, ‘‘सकाळी दोन ठिकानी दोन-दोन फर्लांग, दुपारी तसेच. दिवसाचा एक मैल. सहा वर्सांत अठराशे मैल. पृथ्वी नाई, पन कासीले पायी जाऊन आला म्हन.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘उद्यापासून पुरते सोळा पाह्यजेत.’’

मारोती म्हणाला, ‘‘व्हय मास्तर.’’ तेवढं बोलायलाही त्याला थांबावं लागलं.

यवतमाळच्या मैदानावर पोहोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. मांडव उतरवत होते. हार-तुरे, पाहुणे, समिती, सगळं केव्हाच घरी गेलेलं. एक माणूस खुर्च्या एकावर एक रचत होता. मारोती त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आलो.’’

‘‘कायले?’’ त्या माणसाने विचारलं.

‘‘शर्यतीले.’’

त्याने मारोतीचे पाय बघितले, मला बघितलं, सत्यभामाला बघितलं. मग रचलेल्या खुर्च्यांतल्या दोन काढून मांडल्या. ‘‘ते तं दुपारीच झाली,’’ तो म्हणाला. ‘‘बसा. पानी आनतो.’’

खुर्च्यांवर बसायची दोघांनाही सवय नव्हती. ती खाली सतरंजीवर टेकली, तोही टेकला. सत्यभामाने तेलाची बाटली काढली आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. ‘‘आज खरं लागन तेल,’’ ती म्हणाली.

मारोतीने पाय मागे ओढला. ‘‘आधी सांग. तुले मालूम होतं तं तू काहून चोळत होती?’’

‘‘पह्यल्याच वर्सी समजलं,’’ ती म्हणाली. ‘‘रोज सोळा मैल चालते त्याचे तळवे असे लोन्यासारखे राह्यतेत का? पन तुमचे पाय चेपत बसली का सासूबाई काम सांगत नव्हत्या. लेक थकून आला, त्याचे पाय चेपून राह्यली, म्हनून गप राह्यत. दिवसभरात तेवढंच बसनं होत होतं माह्यं.’’

 इथे मीसुद्धा बोलले नाही, आणि ते माझ्यासाठी फार आहे. मारोतीने तिच्या हातातून बाटली घेतली. ती नको नको म्हणेपर्यंत तिचा पाय आपल्या मांडीवर ओढला आणि तळवा उजेडाकडे वळवला. टाचेला भेगा होत्या, करंगळी मावेल एवढ्या, त्यात काळी माती बसलेली. सहा वर्षं ते पाय त्याच्या घरात चालत होते. त्याने ते कधी बघितले नव्हते. मिशांवरून पाणी ओघळायला लागलं, तसं सत्यभामा म्हणाली, ‘‘तेल सांडून राह्यलं, नीट लावा.’’

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी तळव्यांना चिंध्या बांधून मारोती डाकेवर गेला आणि त्यानंतर तीन वर्षं रोजचे सोळा मैल पायाने चालला. प्रेमसिंगला मात्र नवीन बैल घ्यावे लागले. पासष्ट साली आमच्या गावाला एस.टी. सुरू झाली आणि डाकेची थैली तिच्यातून यायला लागली. थैली परत मागितली, मारोतीचा कमरेचा सरकारी पट्टा मागितला, मला न्यायला कोणी आलं नाही. मला वाईट वाटलं. पंचवीस आणि नऊ, चौतीस वर्षांची नोकरी, निरोपाला कोणी फिरकलंही नाही. आता अकरांपैकी सात घुंगरं उरलीत, आणि टोक बोथट झालंय ते त्या सव्वीस मैलांनी.

पण मी अडगळीत पडले नाही. सत्यभामा रोज वावरात जाताना मला घेऊन जाते. रानडुकरं बिचकतात म्हणते. मारोती आता मास्तरांच्या शाळेत शिपाई आहे, तो घरी आधी येतो. पहिल्यांदा त्याने बायकोच्या पायाला हात लावला तेव्हा रुखमाबाईने घर डोक्यावर घेतलं होतं. तो एवढंच म्हणाला, ‘‘माय, मी तेल लावून राह्यलो. हे होईस्तोवर तिले काम सांगू नको.’’ म्हातारी चार दिवस रुसली. पाचव्या दिवशी म्हणाली, ‘‘माह्या गुडघ्याले बी लाव.’’

मला तुमच्याकडून काही नको. उद्या ही दोघं थकली, तर मला देव्हाऱ्यात उभी करू नका आणि पोरांना खुळखुळा म्हणून देऊ नका. चालणाऱ्या माणसाच्या हाती द्या, एवढं केलंत तर पुरे. धावजीचं ‘फुकट वाजवू नको’ मी एकदा ऐकलं नव्हतं, पुन्हा तसं व्हायला नको.

बरं, आता मला जायचंय. सत्यभामाची वेचणीची वेळ झाली, ती मला शोधत येईल. दिवस मावळताना आम्ही परतू. मी पांदणीच्या वाटेत वाजले की गावातली जुनी माणसं अजून चुकून म्हणतात, डाक आली. घरात मात्र चूक होत नाही. तिथे माझा आवाज गेला की मारोती उठतो आणि तेलाची बाटली चुलीजवळ ठेवतो.